मधल्या रिकाम्या जागेतला स्वर

विद्युत-गिटारीच्या तारांतून निघालेला क्षीण संकेत स्पीकरपर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्या उपकरणाच्या हाताखालून जातो आणि ज्याच्या स्वभावाचा रंग त्याला कायमचा चढतो, त्याला प्रीअँप म्हणतात. असे दोन भिन्न प्रकृतीचे प्रीअँप एकाच गिटारीला जोडून एकाचा आवाज डाव्या व दुसऱ्याचा उजव्या स्पीकरला द्यावा, हा उद्योग गेल्या पावसाळ्यात मी आरंभिला, तेव्हा वेदान्तातला एक जुना तंटा त्या निमित्ताने माझ्या दारी येऊन बसेल, अशी मला कल्पना नव्हती.

डावीकडचा प्रीअँप व्हॉल्व्हचा, म्हणजे १२एएक्स७ या काचेच्या नळीवर चालणारा. तो खर्जाला भरीवपणा देतो व स्वराच्या कडा किंचित गोलावतो. उजवीकडचा ट्रान्झिस्टरचा, नखी तारेवर पडल्याचा पहिला टणत्कारही तो जसाच्या तसा रुजू करतो. दोघांचीही वाढ बेताची ठेवली, की लहरींचे माथे छाटले जात नाहीत आणि स्वर निर्मळ राहतो.

परंतु पहिल्या रात्री जे ऐकू आले ते निर्मळ असूनही निर्जीव होते. खर्ज हरपला होता, स्वर नेमका कोठून येतो हे कानाला ठरवता येईना, आणि दोन्ही प्रवाह एकत्र करून एकाच स्पीकरवर आणले, तर बहुतेक सारा नाद एकमेकांत विरून गेला. कारण शोधता सापडले ते असे, की नेहमीच्या जोडणीत व्हॉल्व्हचा प्रत्येक टप्पा लहर उलटी करतो; टप्पे विषम असले, की शेवटी बाहेर पडणारी लहरही उलटीच राहते. एका प्रीअँपची लहर वर उठे तेव्हा दुसऱ्याची खाली जाई. फेज पालटणारा लहानसा खटका दाबला मात्र, आणि दोन स्पीकरांच्या मध्ये, जेथे भिंत आणि तिच्यावरचे कॅलेंडर यांखेरीज काहीही नाही, तेथे एक भरदार स्वर उभा राहिला.

भेद आणि विरोध यांना आपण व्यवहारात एकाच पंगतीला बसवतो. ते एक नव्हेत, हे त्या खटक्याने मला शिकवले. दोन्ही प्रीअँप सर्वथा सारखे असते, तर स्वर मध्यभागी आला असता खरा, पण आकसलेला. त्याला जी रुंदी आली ती त्यांच्या रंगभेदामुळे. उलट मूळ गतीतच वैर असते, तर ऐक्य अशक्यच होते. मैफलीत गवयाच्या मागे दोन तानपुरे धरतात. त्यांच्या जवारीची जात निराळी असली तरी चालते, षड्ज मात्र एकच लागतो.

दोन स्पीकरांमधून स्थळाचा भास निर्माण करण्याची विद्या लंडनच्या ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली पेटंटाच्या अर्जात मांडली. १९७५ साली आलेल्या रोलंडच्या जेसी-१२० या ॲम्प्लिफायरने तर ६० वॅटचे दोन विभाग एकाच पेटीत ठेवून, एका स्पीकरवर सरळ व दुसऱ्यावर किंचित हेलकावणारा स्वर सोडून, त्यांचे मीलन खोलीतल्या हवेवरच सोपवले.

मग मधला स्वर खरा, की आभास? मायावादी म्हणेल, जवळ जाऊन पाहा, तेथे काहीच नाही. आणि रज्जुसर्पाप्रमाणे कारण कळल्यावर हा भास मावळत नाही, असे मी म्हटले, तर तो मृगजळाचा दाखला देईल, जे जाणल्यावरही दिसतच राहते. यावर माझे उत्तर एवढेच, की मृगजळाने तहान भागत नाही. या स्वराने भागते. ज्ञानदेवांनी अमृतानुभवाच्या आरंभीच शिव आणि शक्ती यांचे ऐक्य सांगताना त्यांच्या द्वैताला भ्रम म्हणून हद्दपार केले नाही. त्यात त्यांना एकाच तत्त्वाचा विलास दिसला. त्यांच्या त्या औदार्याचा अर्थ मला ग्रंथापेक्षा या दोन डब्यांपुढे अधिक उलगडला.

तरीही मायावाद्याची एक फिर्याद उरते, आणि ती मला खारीज करवत नाही. परवा शेवटची तार छेडून, तिचा नाद विरण्यापूर्वीच, मी खुर्चीवरून उठलो आणि डावीकडच्या बटणाकडे दोन पावले गेलो, तोच मधला स्वर हलला आणि मुकाट्याने डाव्या स्पीकरात जाऊन बसला. ऐक्य तेथे भिंतीपाशी नव्हतेच. ते होते त्या खुर्चीपाशी, जेथून मी नुकताच उठलो होतो.