आखूड श्वास

भय वाटणे हा अविश्वास आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही उपासनेत पुष्कळदा दिले आहे, आणि ते नेहमी 'होय' असेच दिले आहे. शास्त्रात 'भिऊ नका' ही आज्ञा आहे, आज्ञा मोडणे हे पाप आहे, म्हणून भिणारा पापी आहे, असा तो सरळ हिशेब होता. हा हिशेब चुकला होता असे आता वाटते.

गेल्या पावसाळ्यात स्कूटर घसरून आमच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत सळई बसविली व आठव्या दिवशी आम्हांस घरी पाठविले. घोटा हालवीत राहा, वॉकर धरून रोज थोडे चाला, रक्त पातळ ठेवण्याची गोळी चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजाविले होते. दुखते म्हणून आम्ही चाललो नाही आणि गोळ्या दोन दिवस चुकल्या. पोटरी सुजली, ती मोडक्याच पायाची, म्हणून मनावर घेतली नाही. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता.

अकराव्या रात्री दोनच्या सुमारास जाग आली. छाती हालत होती, पण आत काही पोहोचत नव्हते. फुटक्या घागरीने पाणी शेंदावे तसे. बरगडीत सुरी खुपसल्यासारखी कळ आली. अंथरूण घामाने भिजले. "अहो, काय होतंय?" असे पत्नी विचारीत होती व आम्हांस उत्तर देता येईना. तेव्हा प्रार्थना करावी असे मनात आले, आणि ती जमली नाही. आमची प्रार्थना फार लांबते अशी मंडळीत कुजबुज आहे, ती आमच्या कानांवर आलेली आहे. त्या रात्री 'प्रभू' एवढा शब्दही पुरा झाला नाही. भय मात्र भरपूर होते. आपण मरणार, एवढेच कळत होते. पुनरुत्थान आठवले असे सांगितले तर ते खोटे होईल.

पत्नीने १०८ क्रमांक फिरविला, शेजाऱ्यांना उठविले. रुग्णवाहिकेत प्राणवायूचा मुखवटा चढविला तेव्हा थोडी धुगधुगी वाटली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती, ती सुटून हृदयातून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली होती. त्यामुळे हवा आत जात होती, पण तिला भेटायला रक्त येत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पायाच्या, असे होऊ शकते आणि घरी आल्यावरही कित्येक आठवडे हा धोका राहतो. तेव्हा वाचकहो, अशा रुग्णाला एकाएकी धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका. उपचारास हेपारिन नावाचे औषध दिले. ते बहुधा डुकराच्या आतड्यांपासून काढतात असे कळले. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतील डुकरांकडे आम्ही आता जरा आदराने पाहतो.

पडल्या पडल्या विचार करायला वेळ पुष्कळ होता. स्वस्थ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला सुमारे २० हजार वेळा, आणि त्याची त्याला खबरही नसते. तो कोंडला की शरीर स्वतःच घंटा वाजविते. ही घंटा कोणाचा विश्वास किती, हे विचारीत नाही. ती वाजली नसती तर आम्ही झोपेतच गेलो असतो आणि पत्नी सकाळपर्यंत निजून राहिली असती. मग ज्याने मातीत श्वास फुंकला, त्यानेच ही घंटाही बसविली असे का म्हणू नये? मरणाच्या भयाचे जे दास्य इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे, ते निराळे. ते माणसाकडून लबाडी करविते. गुदमरणाऱ्याची धडपड ही लबाडी नव्हे. गेथशेमाने बागेत आमचा प्रभूही व्याकूळ झाला होता.

निर्गमाच्या ६ व्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांस देवाचे मोठे वचन सांगतो, पण ते त्याचे ऐकत नाहीत. कारण दिले आहे कठीण दास्याचे, आणि आणखी एक. मूळ इब्री शब्दांचा शब्दशः अर्थ 'श्वासाचा आखूडपणा' असा होतो. भाषांतरकार तेथे मनाचा खेद किंवा अधीरता घालतात, तेही चूक नाही, कारण इब्रीत श्वास व आत्मा यांना एकच शब्द आहे. पदविकेच्या अभ्यासात हे आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. आता पाहण्यासारखे हे, की देव त्या लोकांवर रागावत नाही. तो मोशेला पुन्हा उपदेश करायला न पाठविता फारोकडे पाठवितो, की त्यांना सोड. छातीवरचा धोंडा आधी.

हे लिहिण्याचे खरे कारण निराळे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक वृद्ध बंधू फुप्फुसांच्या विकाराने आजारी होते. आम्ही भेटीस गेलो तेव्हा ते खाटेवर पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. "फार भीती वाटते," असे तुटक तुटक म्हणाले. आम्ही त्यांना 'भिऊ नका' हे वचन वाचून दाखविले, तुमचा विश्वास कमी पडतो आहे असे सांगितले, प्रार्थना केली आणि पाऊस थांबलेला पाहून छत्री घेऊन निघालो. पंधरा दिवसांनी ते वारले. दफनविधीला आम्हीच बोललो. शास्त्रात 'भिऊ नका' म्हणणारा पुष्कळदा तेथेच उभा राहिला, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही. आई रात्री लेकराला हेच शब्द म्हणते, पण ती त्याला कुशीत घेऊन म्हणते.

कुबडी सुटल्यावर आम्ही काकूंकडे गेलो व त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. त्यांनी ते आठवत नाही असे म्हणावे अशी आमची इच्छा होती, हेही लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या, "आठवतंय की दादा. तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, माझी भीती त्यांना सांगायला नको होती. मग शेवटपर्यंत मलासुद्धा सांगितली नाही."

थोड्या वेळाने त्या चहा टाकायला उठल्या. आम्ही बसून राहिलो. या खेपेस घाई केली नाही. खिडकीजवळ ती खाट अजून आहे.