आज्ञा आणि अवधान

नोकरीतील नीती म्हणजे आज्ञापालन, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. शिपायाने सेनापतीचे ऐकावे, कारकुनाने साहेबाचे ऐकावे आणि परिचारिकेने डॉक्टरचे ऐकावे. एवढे झाले की ज्याचे त्याचे नैतिक दायित्व संपले, असे पुष्कळांस वाटते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली स्वीकारलेल्या नीतिसंहितेतही डॉक्टरच्या आज्ञा बुद्धिपूर्वक व निष्ठेने पाळण्याचे बंधन होते; अनीतीच्या कृत्यात मात्र सहभागी होऊ नये, एवढी मोकळीक तीत ठेवली होती. १९७३ च्या संहितेने हा क्रम पालटला. परिचारिकेचे पहिले उत्तरदायित्व ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या माणसाशी आहे, असे तिने सांगितले. हा पालट केवळ शब्दांचा नव्हे. तो नीतीच्या अधिष्ठानाचा होय.

या प्रश्नाची खरी कसोटी अतिदक्षता विभागात लागते. तेथील रोग्याच्या घशात नळी असते. त्याला बोलता येत नाही. डॉक्टर येतात, पाहून जातात. आप्तांना ठराविक वेळीच आत सोडतात. पाळीभर खाटेजवळ उभी असते ती एकटी परिचारिका. ती त्याला कुशीवर वळविते, घशातील कफ काढते, लघवीचे माप लिहून ठेवते आणि सुई टोचताना त्याच्या कपाळावर उमटणारी आठीही पाहते. उपचार कोठे संपला व छळ कोठे सुरू झाला, हे पुष्कळदा तिलाच आधी कळते. परंतु निर्णयाचा अधिकार तिच्या हाती नसतो. योग्य काय ते उमगावे आणि ते करण्याची वाट मात्र बंद असावी, या अवस्थेतील मनस्तापाला अँड्र्यू जेमटन या अमेरिकन विचारवंताने १९८४ साली स्वतंत्र नाव दिले. आम्ही त्यास नैतिक क्लेश म्हणू.

हा क्लेश टाळण्याचा एक मार्ग सुचविला जातो. तो म्हणजे मन कोरडे ठेवणे. आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून पुराचे पाणी कोसळत असताही आत उभा असलेला माणूस भिजत नाही. परिचारिकेचे मनही असेच असावे, असे कित्येक म्हणतात. दगडी बांधकामाला हा गुण शोभतो. माणसाला शोभेलच असे नाही. ज्याचे मन भिजत नाही त्याला रोग्याच्या कपाळावरील आठीही दिसेनाशी होते, आणि मग त्याच्या हातून होते ती केवळ राखण.

तथापि नुसता जिव्हाळाही पुरेसा नाही. आमच्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वश्रुत आहे. विठ्ठलनामात दंग होऊन माती तुडविताना स्वतःचे मूल पायाखाली आले, तरी त्यांना भान राहिले नाही. त्यांची भक्ती खोटी नव्हती; अवधान सुटले होते. कथेतील मूल देवाच्या कृपेने परत मिळाले. इस्पितळात अशी सोय नाही. यंत्रावरील आकड्यांच्या भक्तीत दंग झालेला डॉक्टर, 'काहीही करा पण वाचवा' म्हणणारा पुत्र, आणि सेवेच्या समाधानात रमलेली परिचारिका, या तिघांच्याही पायाखाली रोगी येऊ शकतो.

येथे अरुणा शानबाग यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील ही तरुण परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराच्या अमानुष हल्ल्यास बळी पडली आणि कायमची शुद्ध हरपून बसली. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, तिच्या व्यवसायभगिनींनी तिला भरविले, न्हाऊ घातले, जपले. तिला अन्यत्र हलविण्याचा विचार महापालिकेने केला, तेव्हा त्यांनी विरोध केला. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला या अवस्थेतून मुक्त करावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची शुश्रूषा करणाऱ्यांचा आहे, असे मानले. त्याच निर्णयाने उच्च न्यायालयाच्या अनुमतीने कृत्रिम जीवनाधार काढून घेण्याची वाटही मोकळी केली.

दोन्ही बाजूंना करुणा होती. म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. परिचारिकांची सेवा अलौकिक होती, यात आम्हांस शंका नाही. परंतु ही सेवा अरुणेसाठी की सेवा करणाऱ्यांच्या समाधानासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्यास निर्दय म्हणता येणार नाही. उलट तो रोज स्वतःस विचारणे, हीच आमच्या मते नैतिक जाणीव होय. ती म्हणजे तयार उत्तर नव्हे. आपल्या आज्ञाधारकपणाकडे, आपल्या दयेकडे, किंबहुना आपल्या सत्कृत्याकडेही रोग्याच्या बाजूने पाहण्याचे ते अवधान आहे.

या अवधानाचा सारा भार मात्र परिचारिकेवर टाकून आपण मोकळे होऊ नये. एकीच्या हाती चार अत्यवस्थ रोगी सोपवावे आणि तिच्याकडून सूक्ष्म विवेकाची अपेक्षा करावी, हा अन्याय आहे. आपले अखेरचे उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने सर्वांस मिळाली, आणि २०२३ साली तिची रीतही सुलभ झाली. तरी किती घरांत हा विषय जेवणानंतरच्या बोलण्यात निघतो? नळदुर्गाहून अत्यवस्थ वडिलांना सोलापुरास नेणारा मुलगा मोटारीत बसेपर्यंत या गोष्टीचा विचारही करीत नाही. मग मध्यरात्री कागदावर सही करण्याची वेळ येते. अशा वेळी त्याने डॉक्टरचे म्हणणे तर ऐकावेच. पण खाटेजवळच्या सिस्टरलाही बाजूला घेऊन विचारावे, 'ताई, तुम्हांला काय दिसते?' तिने खरे ते सांगावे, आणि सांगितल्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये. एवढे झाले तरी तिचा क्लेश पुष्कळ हलका होईल आणि रोग्याला न्याय मिळेल.