दुसरी विहीर

आमच्या मळ्यातली विहीर सहा परस खोल. १९७२ च्या दुष्काळात तिचा तळ दिसला होता. पुढं तीन वर्षांनी ती तुडुंब भरली, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. आम्ही पोरं मोटेच्या थारोळ्यावरून मुटके मारायचो. आबांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. चाबकानं फोडून काढलं आणि म्हणाले, "पुन्यांदा हिरीवर दिसलास तर तंगडं मोडीन."

मी पुन्हा त्या विहिरीवर दिसलो नाही. ओढ्यापल्याडच्या पडक्या विहिरीवर जायला लागलो. मळ्यातल्या विहिरीवर निदान मोट हाकणारा माणूस असायचा, दोर असायचा. इथं चिटपाखरू नव्हतं. एकदा पाण्यात पडलेल्या बाभळीच्या फांदीत पाय अडकला. सोबत्यानं केस धरून वर ओढलं, म्हणून आज हे लिहितोय. घरी जाण्याआधी उन्हात बसून केस वाळवले. आबांना वाटलं, पोरगं सुधारलं.

पुढं मी बाप झालो आणि तेच केलं. थोरला सतराव्या वर्षी रात्री मोटारसायकल घेऊन हायवेला जायचा. लायसन निघायला अठरा पुरी लागतात, हे त्यालाही ठाऊक होतं. मी किल्ली लपवली, त्यानं दुसरी करून घेतली. मी पाळत ठेवली, तर तो गाडी बंद ठेवून वस्तीपासून लांब ढकलत न्यायचा आणि मग चालू करायचा. मी जितकं डोळ्यांत तेल घालावं, तितकं तो अंधारात सरकायचा. आणि तो सरकला की माझा संशय आणखी वाढायचा.

एका रात्री तो दारात उभा राहिला. कोपर सोललेलं, पँट फाटलेली. माझा हात उठला होता. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला माझे ओले केस आठवले. मी म्हणालो, "लई लागलं का रं?" तो रडायला लागला. हळद लावता लावता मी त्याला पडक्या विहिरीची गोष्ट सांगितली. त्याआधी ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या रात्रीनं तो साधू झाला नाही. पण त्यानं किल्ली आपणहून आणून दिली. पुढं कुठं जातो, कुणाबरोबर जातो, ते सांगायला लागला. कळल्यावर मीही काही वेळा 'नाही' म्हणालो, आणि दोन दिवस तो फुगून बसला. फुगू दे की. फुगलेला पोरगा डोळ्यांसमोर तरी असतो.

लोक म्हणतात, पोरांना धाक पाहिजे. पाहिजेच. पण धाक असा नको की पोराचं तोंडच बंद होईल. आईबापाला पोराचं जे कळतं, ते पाळत ठेवून थोडंच कळतं. बरंचसं पोरानं सांगितलं म्हणून कळतं. आणि त्यानं सांगावं की नाही, हे मागच्या वेळी सांगितलं तेव्हा आपण काय केलं, त्यावर ठरतं.

आबांना मी दोष देत नाही. त्यांच्या चाबकात भीतीच होती, हे मला बाप झाल्यावर समजलं. त्यांना जाऊन आता वीस वर्षं झाली. ती दुसरी विहीर त्यांना शेवटपर्यंत कळली नाही. त्यांनी विचारलं नाही हे खरं, पण मोठा झाल्यावर तरी मी सांगायला हवं होतं.