शब्दांचा मोबदला

लिहिण्याचे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या परिसरात अधिकच टोकदार होतो. एकीकडे देहू-आळंदी, शब्दाला देव मानणाऱ्या परंपरेची गावे. दुसरीकडे भोसरी-चाकणची एमआयडीसी, जिथे एकेका सुट्या भागाचा दर ठरलेला असतो. घरी बसून ऑनलाइन लेखनाची कामे घेणारी इथली तरुण मुले-मुली या दोन्ही जगांची वारसदार आहेत. दर शब्दाला काही पैसे, एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून ती कमाईच्या नव्या वाटा शोधतात. त्या शोधात कमीपणाचे काही नाही. मात्र कोणती वाट धरावी हे बाजारभाव ठरवू शकत नाही. ते धर्मविचारानेच ठरवावे लागेल.

यावर पहिला आक्षेप थेट तुकोबांच्या नावाने येतो. हरिकथेचे पैसे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही त्यांनी सारखेच दोषी धरले. पण उत्तम व्यवहाराने धन जोडावे, असेही तेच सांगतात. ते स्वतः वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी असलेल्या घरातले होते. त्यांचा निषेध श्रमाच्या मोबदल्याला नव्हता, ऐकणाऱ्याच्या श्रद्धेचा बाजार मांडण्याला होता. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. पण चरित्रपरंपरा सांगते की त्याआधी अर्धी खते धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, हवाली केली. त्याग केला तो फक्त स्वतःच्या वाट्याचा. त्यामुळे ‘सेवा समजून फुकट लिहून द्या’ असे सांगणाऱ्याला, त्या लिखाणावर तो स्वतः कमावत असेल, तर तुकोबांचा आधार घेता येत नाही. चाकणच्या संताजी जगनाडे यांनी अभंग उतरवून ठेवले, त्याचा दर कुठे लावला, असेही कोणी विचारील. संताजींच्या घरी तेलाचा घाणा होता. पोट त्यावर चालत होते. आज ज्याचा घाणा म्हणजेच लेखणी आहे, त्याने तिच्यावरच पोट भरले तर त्यात पाप कसले?

तरीही सगळेच विकण्यासारखे नसते. भोसरीतला जॉबवर्कवाला लेथवर शाफ्ट काढून देतो आणि मजुरी घेतो. पण मजुरी मिळाली म्हणून मायक्रोमीटरवरचे माप बदलत नाही. लेखकाने श्रम, वेळ आणि कौशल्य विकावे. माप विकू नये. न वापरलेल्या वस्तूचे ‘ग्राहक म्हणून’ कौतुक लिहून देणे म्हणजे मापच विकणे. हा प्रकार इतका बोकाळला की २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोला ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढावे लागले. याउलट यंत्रावरची सूचना घ्या. पॉवर प्रेसवर ‘अडकलेला पत्रा काढा, त्याआधी मेन स्विच बंद करा’ असे लिहिले, तर वाचता वाचता हात आत जाऊ शकतो. ‘आधी मेन स्विच बंद करा, मगच पत्रा काढा’ हा क्रम लिहिणाऱ्याने कामगाराची बोटे वाचवली. १९४८च्या कारखाना कायद्याने कायदेशीर सूचनाफलक बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावायला सांगितले, त्यामागचे शहाणपण हेच आहे: सूचना वाचणाऱ्याला नीट कळली पाहिजे. सोप्या मराठीतल्या सूचनापुस्तिका, प्रशिक्षणाच्या व्हिडिओंची संहिता, उपशीर्षके ही कामे या पट्ट्यातल्या लेखकाच्या दाराशी आहेत. ती सचोटीने करून चांगले पैसे घेणे हा उत्तम व्यवहारच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: ज्याच्या घरभाड्याची तारीख उलटून गेली आहे त्याला निवड कुठे असते? हे मान्यच करावे लागते. खोट्याचा मोठा दोष ते लिहून घेणाऱ्याकडे जातो. नाइलाजाने लिहिणाऱ्याला आधी दोष देणे हा अधर्मच होय. पण याचा अर्थ एवढाच की लेखकाला नकार देता येईल इतके बळ मिळाले पाहिजे, आणि ते वेळेवर मिळणाऱ्या पैशातून येते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६चा कायदा सांगतो, आणि सेवा देणारेही त्या व्याख्येत बसतात. म्हणून लिहिणाऱ्यांनो, सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा, दर आणि मुदत लेखी ठरवा, हक्काचे पैसे न लाजता मागा. आणि लिहून घेणाऱ्यांनो, शब्दांचे दाम वेळेत चुकते करा. लेखकाकडून सचोटीची अपेक्षा धरण्याचा अधिकार त्यानंतरच तुम्हाला मिळतो.