सातवं नाव

शिकागोत एका कचेरीत तीस वर्षं हिशेब लिहिलेली एक बाई होती. निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःच्या घराण्याचा हिशेब मांडायला घेतला. तिची आई मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझची. 1940च्या दशकात हजारो काळ्या माणसांसारखी तीही रेल्वेनं उत्तरेला आली, परत गेली नाही, आणि मागचं कधी फारसं बोललीही नाही. आता सांगणारं एकच माणूस उरलं होतं, आईची धाकटी बहीण. मावशी एक्क्याण्णव वर्षांची होती आणि नॅचेझ सोडून कुठंच गेली नव्हती.

बाईनं आधी कागद गाठले. अमेरिकेत जनगणनेचे कागद 72 वर्षांनी सर्वांसाठी खुले होतात. त्यामुळे ती 1940 पासून दहा-दहा वर्षांची एकेक पायरी उतरत मागं गेली. मधली 1890ची पायरीच नव्हती. त्या मोजणीचे बहुतेक कागद 1921 सालच्या वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि ती विझवताना ओतलेल्या पाण्यात खराब झाले, आणि पुढे नष्ट केले गेले. 1880 सापडलं, 1870 सापडलं. त्याच्या मागं मात्र भिंत. गुलामीतून सुटलेल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा लागली ती 1870 साली. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या होत्या. त्यात नाव फक्त मालकाचं. खाली ओळीनं माणसं अशी: बाई, वय 30, काळी. मुलगा, वय 7, काळा. गोठ्यातली जनावरं मोजावीत तशी.

म्हणून 1870चं पान हाती आलं तेव्हा बाईला रडू फुटलं. आईच्या पणजीचं नाव होतं. वय 40, जन्म व्हर्जिनिया. खाली सहा मुलं, सगळी नावानिशी, सगळ्यांचा जन्म मिसिसिपी.

त्या पानाची प्रत घेऊन ती नॅचेझला गेली. मावशी ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. बाईनं विचारलं, तशी मावशी हात न थांबवता बोलू लागली. लहानपणी तिच्या आजीनं असंच शेंगा सोलताना पणजीच्या मुलांची नावं तिच्याकडून पाठ करून घेतली होती. मावशीनं ती म्हटली. पहिलं नाव उच्चारून ती क्षणभर थांबली, मग बाकीची एका दमात. एकेका नावाला एकेक दाणा भांड्यात पडत होता.

"सात झाली," बाई म्हणाली.

"सातच. पहिली लेक व्हर्जिनियाहून आईच्या हाताला धरून आली होती. इथल्या बाजारात दोघींना वेगवेगळ्यांनी विकत घेतलं."

नॅचेझच्या वेशीवर फोर्क्स ऑफ द रोड म्हणून माणसांचा बाजार भरत असे. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून साखळ्या घालून पायी आणलेली, जहाजांतून उतरवलेली माणसं तिथं कापसाच्या मळेवाल्यांना विकली जात. देशातल्या देशात चाललेल्या या व्यापारानं सुमारे दहा लाख माणसं दक्षिणेत खोलवर नेली. बाईला हे वाचून माहीत होतं. पण तिच्या हातात पान होतं आणि पानावर सहा होती.

"मावशी, कागदावर सहाच आहेत. तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. किती वर्षं झाली!" तिनं एकेक नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. क्रम मावशीच्या क्रमापेक्षा वेगळा होता. तिसरं नावही वेगळंच होतं. प्रगणकाच्या कानाला जसं लागलं तसं त्यानं ते लिहिलं होतं.

मावशीचे हात थांबले. "आणि पणजी वारली नदीपलीकडे, लेकीच्या घरी. पुष्कळ म्हातारी होऊन," ती हळूच म्हणाली.

"1900मध्ये ती मिसिसिपीत कुठंच नाही. त्याआधीच गेली असणार."

"असेल बाई. तुझ्याकडे लिहिलेलं आहे." मावशीनं भांडं उचललं आणि ती आत गेली. नंतरचे दोन दिवस तिनं हवापाण्याच्या, चर्चच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पा मारल्या. मुलांची नावं पुन्हा काढली नाहीत. बाईनं वहीत सहा लिहिलं आणि ती परतली.

नदीपलीकडे हे शब्द मात्र तिच्या मनातून जाईनात. नॅचेझच्या समोर, मिसिसिपी नदीच्या त्या काठावर लुइझियाना राज्य सुरू होतं. तिकडचा कन्कॉर्डिया परगणा तिनं पाहिलाच नव्हता. त्या हिवाळ्यात तिनं तिथलं 1900चं एकेक पान डोळ्यांखालून घातलं. आडनाव तीन अक्षरांनी बिघडलेलं होतं, म्हणून ते शोधात कधी आलं नव्हतं. पण जावयाच्या घरात शेवटच्या ओळीवर पणजी होती. सासू, विधवा, सत्तर वर्षांची, जन्म व्हर्जिनिया.

त्या सालच्या जनगणनेत बायकांना एक जास्तीचा प्रश्न विचारला होता: मुलं किती झाली, आणि आज हयात किती. बाईनं पान मोठं करून पाहिलं. झाली सात. हयात चार.

मी या आकड्यापाशी बराच वेळ थांबतो. दारात वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसानं विचारलं, आणि निम्मं शतक उलटल्यावरही त्या म्हातारीनं सहा सांगितलं नाही. तेव्हा ती स्वतः बोलली की लेकीनं उत्तर दिलं, ते कागद सांगत नाही. कोणी का सांगितलं असेना, त्या घरात मोजणी सातची होती.

बाईनं लगेच नॅचेझ गाठलं. मधल्या काळात मावशीला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. ती खिडकीशी बसलेली होती, माणसं ओळखत होती. बाईनं तिच्या मांडीवर पान ठेवलं. "तुझं बरोबर होतं मावशी. सात. नदीपलीकडेच सापडली. आता मुलांची नावं सांग ना, पहिल्यापासून."

मावशी हसली आणि बोटं दुमडत नावं म्हणू लागली. बाई लिहिता लिहिता थांबली. क्रम कागदावरचा होता. तिसरं नाव प्रगणकानं लिहिलं होतं तेच, चुकीचं. सहाव्या नावावर मावशी थांबली.

"त्यांच्या आधी कोण होती, मावशी? पहिली?"

"सहाच, पोरी. तूच नाही का वाचून दाखवलंस?"

न्यू ऑर्लीन्सहून निघणाऱ्या साउथवेस्टर्न क्रिश्चन ॲडव्होकेट या वर्तमानपत्रात 1870च्या दशकाअखेरीपासून हरवलेल्या माणसांच्या शोधाचं एक सदर येत असे. कुणी आई विकल्या गेलेल्या लेकीला शोधते आहे, कुणी भाऊ भावाला. पाद्री ती पत्रं चर्चमध्ये मोठ्यानं वाचून दाखवत. त्या पत्रांचे छापील रकाने आज पाहता येतात, नावावरून शोधताही येतात. पण बाईकडे शोधायला नाव नव्हतं. ते तिनं एकदाच ऐकलं होतं, त्या ओसरीवर, आणि कागदावर नाही म्हणून लिहून घेतलं नव्हतं.

आता ती महिन्यातून आठवडाभर नॅचेझला राहते. संध्याकाळी मावशीपुढे चवळीच्या शेंगांची टोपली ठेवते. मावशी चांगल्या हातानं शेंगा चाचपत राहते. बाई त्या रकान्यांतली मुलींची नावं एकेक करून मोठ्यानं वाचते, आणि प्रत्येक नावानंतर थांबून मावशीच्या हाताकडे बघते.