जीर्णोद्धाराची मर्यादा

देवळाचा जीर्णोद्धार, घाटाचा जीर्णोद्धार हे शब्दप्रयोग आपल्या कानांस परिचित आहेत. परंतु एका मोडक्या जीप गाडीसंबंधानें हा भारदस्त शब्द आम्हीं योजिला, तर वाचकांस हसूं येईल. त्यांनीं खुशाल हसावें. गेलीं तीन वर्षें आमच्या हातून जें कांहीं घडलें, त्यास दुसरा शब्द आम्हांस सांपडत नाहीं; आणि ह्या शब्दाचा खरा अर्थ तरी आम्हांस कोठें ठाऊक होता, हें त्याच गाडीनें आम्हांस दाखवून दिलें.

जीपचा जन्म युद्धासाठीं झाला. 1940 सालीं अमेरिकन सैन्यास चारी चाकांनीं ओढ घेणारी हलकी गाडी हवी होती. बँटम नांवाच्या एका लहान कंपनीनें पहिला नमुना करून दिला, आणि पुढें मुख्यतः विलिस व फोर्ड ह्या कंपन्यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. 1947 सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिसच्या गाड्या जोडण्यास प्रारंभ केला, आणि रणांगणासाठीं जन्मलेलें हें वाहन आपल्याकडे मामलेदार, वनाधिकारी व इंजिनियर ह्यांच्या दारांत दिसूं लागलें. आमची गाडी त्याच कुळांतील, ‘सीजे थ्री बी’ जातीची, 1962 सालची. हिचें बॉनेट पूर्वजांहून उंच आहे. ह्या इंजिनांत हवा व पेट्रोल आंत घेणारे व्हॉल्व्ह बाजूस न ठेवतां माथ्यावर बसविले आहेत. त्यामुळें इंजिन वाढलें, आणि त्यास झांकण्यासाठीं बॉनेटहि वाढलें.

ती आमच्या एका मित्राच्या वडिलांची. ते डॉक्टर होते, आणि भोर तालुक्यांतील डोंगराळ गांवें हें त्यांचें क्षेत्र. 1978 मध्यें जुनी म्हणूनच त्यांनीं ती घेतली आणि वीस वर्षें चिखलपाण्यांत वापरली. पुढें ती गोठ्यांत पडून राहिली. डॉक्टर गेले; मित्र परदेशांत स्थायिक झालेला; त्यानें गाडी आमच्या स्वाधीन केली.

तीन वर्षें आमचे रविवार तिनें घेतले. तळाचा पत्रा गंजून जाळीसारखा झाला होता. वायरी उंदरांनीं खाल्ल्या होत्या. गिअरच्या दांड्याशेजारीं दोन लहान दांडे असतात. एक पुढच्या चाकांस इंजिनाशीं जोडणारा आणि दुसरा वेग घटवून जोर वाढविणारा. ते दोन्ही जागचे हलत नव्हते. पुण्याच्या जुन्या बाजारांत आम्ही कार्ब्युरेटरचे सुटे भाग धुंडीत हिंडलों. ह्या धुंदींत ‘मूळ’ हा एकच शब्द आमच्या मनांत घर करून बसला. कारखान्यांतून निघतांना ती जशी होती, तशी झाली पाहिजे! जें मूळचें नव्हतें, तें आम्हीं आमच्या मिस्त्रीस कापून टाकावयास सांगितलें. त्यांतच डाव्या बाजूस झाळलेली एक ओबडधोबड लोखंडी पायरी होती. कमानीच्या जुन्या पाट्याचा तो तुकडा. कोणा खेड्यांतल्या लोहाराचें काम. तो भंगारांत गेला.

त्या दिवसांत एक जुनें कोडें आम्हांस वारंवार आठवे. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर तें जहाज तेंच कीं दुसरें? सतराव्या शतकांत हॉब्सनें त्यांत भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणीं त्याच क्रमानें पुन्हां जोडल्या, तर खरें जहाज कोणतें? आपल्या नैयायिकांचें मत याहून कडक. एक अवयव निघाला कीं जुना अवयवी संपला आणि नवा उत्पन्न झाला. ‘मिलिंदपञ्हां’त नागसेन राजास विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, आणि ह्या सर्वांच्या जुळणीवर ‘रथ’ हें केवळ नांव ठेवलेलें आहे, असें शेवटीं राजाच्याच तोंडून वदवितो. वर्गांत हीं मतें शिकविण्यांत आमचीं पंचवीस वर्षें गेलीं. आतां प्रयोगशाळा दारांत उभी होती, आणि आम्ही मोठ्या समाधानांत होतों.

गाडी तयार झाली तेव्हां मित्राच्या मातोश्रींस, म्हणजे काकूंस, आम्हीं मुद्दाम बोलाविलें. त्यांनीं गाडीभोंवतीं एक फेरी घातली. रंग छान झाला म्हणाल्या. मग डाव्या बाजूस येऊन, एका हातानें साडी सांवरून, त्यांनीं संवयीनें पाय उचलला, आणि तो अधांतरींच राहिला. त्यांनीं खालीं वांकून पाहिलें.

“अरे, इथली पायरी कुठं गेली?”

ती कोणाची होती, हें आम्हांस त्या वेळीं प्रथम कळलें. काकू सुईणीचें काम शिकलेल्या. रात्रींअपरात्रीं अडलेल्या बाळंतिणीसाठीं डॉक्टरांबरोबर त्या निघत. गाडी उंच आणि काकू ठेंगण्या. म्हणून डॉक्टरांनीं ती पायरी करवून घेतली होती. आम्हीं कारखान्याचें माहितीपुस्तक पानोपान वाचलें होतें, परंतु हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या काकूंस एक प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हांपासून आमचें कोडें बदललें. गाडी तीच आहे काय, हा प्रश्न तर्काचा. कोणत्या दिवसाची गाडी आपण खरी मानतों, हा प्रश्न नीतीचा. ‘मूळ’ म्हणजे वस्तूच्या दीर्घ आयुष्यांतून आपल्या आवडीचा एक दिवस निवडणें आणि त्यामागून आलेलें सर्व खोटें ठरविणें. 1962 सालचा तो दिवस आम्हीं निवडला. त्या दिवशीं ह्या गाडीनें कोणाचेंहि कांहीं केलेलें नव्हतें.

रस्किननें 1849 सालींच अशा जीर्णोद्धारास विध्वंसाच्या सदरांत घातलें. वेळींच निगा राखा, म्हणजे त्याची गरज पडणार नाहीं, असा त्याचा उपदेश. उपदेश रास्त आहे. परंतु गोठ्यांत गंजलेल्या गाडीस तो उशिरा पोंचतो. आपल्याकडील देवळाचा जीर्णोद्धार करणारा निराळ्या दृष्टीनें पाहतो. पूजा चालू राहावी, हा त्याचा हेतु. ह्या हेतूच्या नांवाखालीं कोरीव दगडावर तैलरंग फांसण्याचे अत्याचार होतात, हें आम्ही जाणतों. तथापि वस्तु कोणासाठीं आहे, हें तो विसरत नाहीं. राजा मिलिंदहि नागसेनाच्या भेटीस रथांतूनच आला होता. अवयवांच्या हिशेबांत रथांत बसणाराची गणना झाली नाहीं, इतकेंच.

यावरून आम्हीं आपल्यापुरता एक नियम केला आहे. जें कुजलें आहे, जें आणखी नासणार आहे किंवा जें काम अडवितें, तें निःशंक बदलावें. जें केवळ मागाहून आलें आहे, तें काढण्यापूर्वीं हात आवरावा आणि तें कोणासाठीं आलें, हें विचारावें. पुष्कळदां उत्तर देणारें माणूस हयात असतें. आणि तें फार दिवस हयात राहील, असा भरंवसा नसतो.

आतां पायरीचें काय करावें? नवी बसवून जुनीचा आव आणणें हा आणखी एक खोटेपणा, असें आम्हांस वाटूं लागलें, आणि ही शंका आम्हीं काकूंपाशीं बोलून दाखविली. त्या म्हणाल्या, “जुनी कशाला हवी? मला चढायला हवी.”

आमची चूक त्यामुळें भरून निघाली, असें आम्ही म्हणत नाहीं. डॉक्टरांनीं करवून घेतलेला तो तुकडा गेला तो गेलाच. परंतु काकूंच्या उत्तरावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. पुढल्या रविवारीं मिस्त्रीनें नवी पायरी बसविली. ती जुनीसारखी दिसावी असा यत्न आम्हीं केला नाहीं. फक्त उंची काकूंस विचारून घेतली. त्याच संध्याकाळीं त्या तिजवर पाय ठेवून वर चढल्या, आणि भोरच्या रस्त्यास गाडी घे म्हणाल्या.