वायूला वाट ठेव

कोल्हापूर

चि. मुक्ताबाळ हिस,


कोइमतूरला गेल्यापासून तुझे फोन येतात, पण सगळे जेवणावरच. मेसचा भात, सांबार, नि तिखट कुठं मिळत नाही म्हणून रड. तुला कोअर शॉपला टाकलंय, हे मात्र तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं, आणि जिवाला थोडा घोरही लागला. फौंड्रीत मान सगळा भट्टीवाल्याला. कोअरवाल्याची आठवण कास्टिंगला ब्लो-होल निघालं की व्हायची. म्हणून बाळ, हातात कुठलाही कोअर आला की आधी एकच विचार: यातला वायू जाणार कुठनं?

पंपाची बॉडी घे, तुमच्याकडं तीच जास्त. पाणी फिरायची पोकळी म्हणजेच कोअरची जागा. साच्याला धातूचा रस एका अंगानं लागतो, कोअरला चहूबाजूंनी वेढतो. १३००-१४०० अंशांच्या रसात बाइंडर जळतं, वायू सुटतो, आणि बाहेर पडायला वाट फक्त प्रिंटमधून, म्हणजे साच्यात टेकलेल्या कोअरच्या टोकातून. शिवाय रस जड, वाळू हलकी, त्यामुळं कोअर वर उसळतो. त्याच्या वजनाच्या साडेतीन पट जोर लागतो. तो दाबून धरायला चॅप्लेट ठेवतात. चॅप्लेट गंजलेलं किंवा ओलं असलं तर तिथंच भोक पडतं. डब्यातलं वरचं उचललं नि लावलं, असं करू नकोस.

आम्ही शिवाजी उद्यमनगरात शिकलो ते ऑइल सँडवर. वाळूत जवसाचं तेल, थोडं डेक्स्ट्रिन, आणि २०० ते २३० अंशांचा ओव्हन. भाजलेला कोअर रंगावरून ओळखायचा. खारीसारखा तपकिरी झाला की उतरवायचा. फिकट राहिला तर कच्चा, रस पडताच धूर सोडणार. काळा पडला तर तेल जळालं, हातातच भुगा. सरळ कोअरला तारेनं भोक पाडता येतं, वाकड्याला कसं पाडणार? त्यात मेणाची दोरी घालायची. ओव्हनमध्ये मेण वितळून वाळूत मुरतं आणि मागं वाट राहते. आमचे मिस्त्री प्रिंटच्या टोकाला तोंड लावून फुंकर मारायचे आणि दुसऱ्या टोकाला हात धरायचे. हाताला वारा लागला तरच कोअर साच्यात. ही फुंकर तू स्वतः मारून बघ, फक्त अमाइनची वाफ दिलेल्या कोअरला तोंड लावू नकोस, तिथं हवेची नळी वापर.

मग सीओटू आलं. सोडियम सिलिकेट ३ ते ५ टक्के, गॅस सोडला की मिनिटाच्या आत कोअर कडक. वायू कमी सुटतो, पण ओतल्यावर मोडता मोडत नाही. कास्टिंग साफ करणारे फेटलिंगवाले छिन्नी घेऊन आमच्या नावानं शंख करायचे. गॅस जास्त मारला तर कडा पिठासारख्या झडतात. आणि पावसाळ्यात असा कोअर रात्रभर ठेवलास तर ओल धरतो. मला विचारशील तर शेलच भारी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या योहानेस क्रोनिंगनं काढलेली रीत. रेझिन चढवलेली वाळू २५० अंशांच्या आसपास तापलेल्या पेटीत भरायची, बाहेरचा थर घट्ट झाला की आतली मोकळी वाळू ओतून काढायची. पोटात पोकळी राहते, वायूला आपोआप वाट मिळते.

तुझ्याकडं मात्र कोल्ड बॉक्स. १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेली ही रीत. दोन भागांचं रेझिन आणि त्यावर अमाइनची वाफ. काही सेकंदांत कोअर तयार, म्हणून सगळ्या मालकांची लाडकी. यात दोन गोष्टी सांभाळ. वाळू कोरडी हवी, ओलावा ०.२ टक्क्याच्या आतच. पाणी असलं की रेझिनचा दुसरा भाग आधी त्याच्याशीच भिडतो. आणि वाफेनंतरची कोरडी हवा पुरती सोडू दे. ऑपरेटर सायकल टाइम वाचवायला ती कापतात, मग कोअरमधलं अमाइन तुमच्या शॉपमध्येच पसरतं. माशासारखा वास येईल. दिव्याभोवती निळसर धूसर वलय दिसायला लागलं तर डोळे चोळत बसू नकोस, बाहेर ये, सुपरवायझरला सांग, आणि त्या दिवशी गाडी चालवू नकोस. कापडी मास्क वायूला अडवत नाही, अमाइनसाठीचं कार्ट्रिज मागून घे. हसणारे हसू देत.

धुळीचंही तसंच. कोरडा झाडू नको, एअर गननं कपडे झटकणं नको. वाळूची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण छातीत जाऊन बसते आणि परत निघत नाही. आमच्या वेळचे दोघे-तिघे अजून खोकतात. आता परत कोअरकडं: त्याला पेंट मारलास की प्रिंटचं टोक पुसायला विसरू नकोस. पेंटनं तोंड बुजलं तर आधीचं सगळं मुसळ केरात.

इकडं पाऊस धरलाय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, पण जिना चढू नको म्हटलं की ऐकत नाही. शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला पार्सलनं धाडलाय, पाकीट फुटलं का ते बघ. आणि पुढच्या फोनला जेवणाआधी एक सांग: तुमच्या अमाइन शोषणाऱ्या स्क्रबरमधलं आम्ल किती दिवसांनी बदलतात? माहीत नसेल तर विचारून ठेव.

तुझा,
अण्णामामा